पाठमोऱ्या बाईची भिंत

मी एक जुनी भिंत आहे. वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला हौसरावांचं खताचं गोदाम आहे, त्याची रस्त्याकडची बाजू म्हणजे मी. मित्रांनो, माझी अडचण आधीच सांगून टाकते. गेली चाळीस-बेचाळीस वर्षं येणारीजाणारी माणसं माझ्याकडे बघतात. मलाही समोरचं सगळं दिसतं. पण माझं स्वतःचं तोंड मला एकदाही दिसलेलं नाही. माझ्यावर काय रंगवलंय ते मला ब्रशच्या स्पर्शावरून आणि लोकांच्या बोलण्यावरूनच समजतं. तेव्हा या गोष्टीत कुठे गोंधळ आढळला, तर सांभाळून घ्या. तो काही माझ्या एकटीचा नाही.

माझ्या विटा भीमेकाठच्या भट्टीतल्या. गवंड्याने गिलावा करून वर पंधरा दिवस पाणी मारलं, तेव्हा कुठे मी टणक झाले. हौसराव तेव्हा ऐन उमेदीत होते. माझ्यावर थाप मारून म्हणाले, "आता हत्तीनं आंग घासलं तरी हलायची न्हाई." मला केवढा अभिमान वाटला! पण लवकरच लक्षात आलं, की रस्त्याकडेच्या भिंतीचा टणकपणा कोणी बघत नाही. तिच्यावर काय लिहिलंय तेवढं बघतात.

ते लिहायला दौंडहून बन्सी पेंटर यायचा. सायकलच्या कॅरियरला रंगाचे डबे, हँडलला ब्रशची पिशवी. दौंडच्या रेल्वेतल्या एका पेंटरच्या हाताखाली तो शिकला होता. आल्यावर आधी निळीत भिजवलेली सुतळी माझ्यावर ताणून धरायचा आणि मधोमध उचलून सोडायचा. टण्! की उमटली सरळ रेघ. मला गुदगुल्या व्हायच्या. मग अक्षरं मोजायचा आणि मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे लिहीत जायचा. त्याची आणखी एक रीत होती. दिवसाचा पहिला हात तो माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मारायचा. नुसते चार फराटे. हौसरावांनी एकदा हटकलं, तर म्हणाला, "दिसाचा पहिला हात रुसल्यालाच असतोय आप्पा. त्यो गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाई. कोपऱ्यात जिरवायचा."

त्याने माझ्यावर पाण्याचे पंप काढले, बियाण्यांची कणसं काढली, सिमेंटच्या गोण्या काढल्या. निवडणुका आल्या की नावं आणि चिन्हं, निकाल लागला की वरून चुना. लोक एसटीच्या कंडक्टरला सांगायचे, "पंपाच्या भितीपाशी थांबवा." पुढच्या वर्षी तेच लोक म्हणायचे, "कणसाच्या भितीपाशी." मी तीच, जागा तीच. मग मी नक्की कोण, पंप की कणीस? मला समजेनासं व्हायचं.

एका वर्षी कुठल्याच कंपनीचं काम आलं नाही. मी कोरीच होते. बन्सी जुना चुना खरवडायला आला होता. हौसरावांच्या मंडळी सारजाबाई चहा घेऊन आल्या. डोक्यावर ओल्या कपड्यांची पाटी तशीच होती, एका हाताने ती सावरत दुसऱ्या हाताने कप पुढे केला आणि म्हणाल्या, "बन्सीभाऊ, जलमभर दुसऱ्याचंच लिवता. येकदा मनचं काढा की."

"मनचं?" बन्सीने असं विचारलं, जणू त्या एखाद्या दूरच्या गावाचं नाव घेत होत्या.

"व्हय. आमच्या भितीवर काढा. मी सांगीन यांना."

बन्सी माझ्यासमोर उकिडवा बसला. अर्धा दिवस नुसता बसून राहिला. सुतळी ताणली नाही, काही मोजलं नाही. मग उठला, कोपऱ्यात नेहमीचे चार फराटे जिरवले आणि एकदम माझ्या उजव्या अंगाला ब्रश टेकवला. तीन दिवस तो रंगवत होता. अक्षरांचा ब्रश कसा ठाम चालतो. हा तसा नव्हता. पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा. एक लांब वळण वरून खाली उतरलं, मला वाटलं ही नदी असेल. नदी नव्हती. ती पाठ होती. बांधावरून चाललेली एक बाई, डोक्यावर पाटी, कासोटा घातलेलं लुगडं, तोंड पलीकडे.

आणि मग काय गंमत झाली म्हणून सांगू! समोरच्या चहाच्या टपरीवरची सुलक्षणाकाकू धावत आली. "अगं बया, ही तर माझी आई!" सारजाबाई म्हणाल्या, "माझ्या केंदूरच्या आईची चाल हाय ही." एक परप्रांतीय ट्रकवाला गाडी थांबवून उतरला, कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अम्मा भी ऐसे ही चलती थी." हौसराव मात्र कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, "आमची मंडळी हाय ती. तिनंच सांगून काढून घेतली." माझ्यावर बाई एकच होती, आणि तिच्यावर हक्क सांगणारी माणसं मोजता येईनात. बन्सी तेवढा काही बोलला नाही. डबे बांधले आणि सायकलवरून दौंडला गेला.

माझे ते दिवस सगळ्यात चांगले. मग रस्ता रुंद झाला. डंपरची धूळ बसली, गिलाव्याचे पोपडे निघाले. पाठीचा वरचा भाग एका उन्हाळ्यात गळून पडला, मला आवाजसुद्धा आठवतो. फ्लेक्सचे दिवस आले. मला कुंचल्याची सवय, आणि अंगात ठोकले खिळे. प्रत्येक वाढदिवसाला नवा फ्लेक्स, नवे खिळे. बन्सीचं येणं थांबलं. त्या बाईची आठवण कोणी काढेना.

गेल्या वर्षी सारजाबाई वारल्या. हौसराव आता चौऱ्याऐंशीचे. गोदामापुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी घेऊन बसतात. त्यांची नात अनुपमा पुण्याला चित्रकला शिकून आली आहे. तिला त्यांनी बोलावलं.

"आजीचं वर्सश्राद्ध हाय. ही फ्लेक्सची घाण काढ आन् आजीचं चित्र पुन्यांदा काढ. पर यंदा तोंड इकडं कर. जलमभर पाठ काय बघायची? तिचं तोंड दिसाया पायजे."

अनुपमाने फ्लेक्स काढले, खिळे उपटले. मला कितीतरी हलकं वाटलं. पण माझ्यावर उरलं होतं काय? एक टाच आणि पाटीची थोडीशी कड. त्या जुन्या चित्राचा फोटोही कोणाकडे नव्हता. ती गावात विचारत फिरली. सुलक्षणाकाकू म्हणाली लुगडं हिरवं होतं. दुसरे म्हणाले जांभळं. तिसऱ्याने तर शपथेवर सांगितलं की डोक्यावर पाटी नव्हतीच, घागर होती. बिचारी पोर माझ्यापुढे बन्सीसारखीच उकिडवी बसली. मला सगळं ठाऊक होतं. कोणता फराटा कुठून निघाला नि कुठे थांबला, सगळं. पण भिंतीला सांगता येत नाही.

शेवटी ती दौंडला गेली आणि बन्सीला गाडीवर मागे बसवून घेऊन आली. किती वाळला होता! हात कापत होते. माझ्याजवळ आला आणि सरळ डाव्या कोपऱ्यात बसला. नखाने माती काढली, एकावर एक चढलेले रंगांचे पापुद्रे एकेक करून उचलले.

"ह्यो बघ. त्या तीन दिसांचा रंग. हिरवा न्हाई आन् जांभळा बी न्हाई. विटकरी."

अनुपमा हसली. मग वही मिटून म्हणाली, "आबा, हे चित्र तुम्हाला सुचलं कसं? कॉलेजात आम्हाला सारखं विचारायचे, तुमची प्रेरणा काय. मला कधी धड सांगता आलं नाही."

"आगं पोरी, आमी बोर्ड रंगवनारी मानसं. आमची प्रेरना म्हंजी कंपनीचं क्यालेंडर. म्होरं ठिवायचं आन् उतरवायचं."

"पण हिच्या वेळी पुढे कॅलेंडर नव्हतं ना?"

"न्हवतं." बन्सीने हातातला पापुद्रा खाली ठेवला. "म्हून तर आर्धा दिस बसून ऱ्हायलो. मनचं काढा म्हनल्या वैनी. मनात बघतोय तर काय बी न्हाई. नुसती एक पाठ म्होरं चाललीया. माझ्या आईची. मी पाच-सा वर्साचा, ती म्होरं आन् मी मागं. तीच काढली." मग मान हलवली. "म्हंजी, मला वाटतंया तीच काढली. पर लुगड्याचा रंग त्या दिशी सकाळी पाटसकडनं येताना एक बाई दिसली, तिचा. पाटी सावरल्याला हात सारजावैनींचा, त्या तशाच हुभ्या हुत्या चा घिऊन. चाल तेवढी आईची. मग ती कुनाची म्हनायची? लोक आमची आमची म्हनाया लागलं, मी गप बसलो. मला तरी कुटं खात्री हुती?"

"मलाही असंच होतं," अनुपमा हळूच म्हणाली. "काढते एकाचं, होतं भलत्याचंच."

हौसरावांनी खुर्ची कधी जवळ ओढली होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला. "बन्सी, म्हंजी आमची मंडळी न्हाई व्हय ती?"

"हात त्यांचा हाय आप्पा."

"हाताचं काय घिऊन बसलास! तोंड कुनाचं?"

"तोंडच न्हाई तिला. आई गेली तवा आमच्यात फोटू कुनाचा निघत हुता? मला तिचं तोंड आठवत न्हाई. आठवलं आसतं तर पाठ कशाला काढली आसती?"

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. मग बन्सी हौसरावांकडे वळला. इतकी वर्षं तो माझ्यावर काम करत होता, पण असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आप्पा, एक इचारू का? लई वर्सं इचारीन इचारीन म्हनतोय. आमी तवा हितंच वरवंडला ऱ्हायचो, आई तुमच्याच भुईमुगात खुरपाया यायची. सोजरबाई. तुमी तवा तरनेताठे. तिला बघितल्यालं मानूस आता तुमीच उरलाय. दिसायला कशी हुती?"

हौसरावांनी डोळे मिटले. त्यांचा राग कुठे गेला, मला समजलं नाही.

"सोजरबाई... थांब. लई बाया असायच्या रं. वळीनं बसायच्या. मी बांधावर हुभा. वळ म्होरं सरकायची, मागनं साऱ्यांच्या पाठीच दिसायच्या."

"पान्याला यायच्या की तुमच्याकडं." बन्सी अगदी सावकाश बोलत होता. त्याला शब्दाने धक्का लागून काही सांडेल अशी भीती वाटत असावी.

"व्हय. पान्याला यायच्या." हौसरावांची काठी हातात फिरू लागली. "मी वरनं तांब्या धरायचो. लांबनं. तसंच हुतं तवा. खाली ओंजळ दिसायची, आन् डोईवरचा पदर. मान खाली. एकीच्या मनगटावर गोंदान हुतं, पाच ठिपके. तिच्याच का, सांगता येत न्हाई." मग काठी थांबवून ते म्हणाले, "तोंड न्हाई रं बघितलं मी, बन्सी. समोर हुतं तरी न्हाई बघितलं."

मी पुरती गोंधळले. मला स्वतःला बघायला डोळे नाहीत, ते ठीक. पण ज्याला चांगले दोन डोळे होते, त्यालाही दिसलं नाही, हे कसं?

"बरं," बन्सी म्हणाला. धोतराला हात पुसला. "गोंदान म्हनलात, त्ये बी लई झालं."

अनुपमाने विचारलं, "आजोबा, मग काय काढू?"

"मला नगं इचारू. त्येला इचार."

"पाठच काढ पोरी," बन्सी म्हणाला. "न्हाई त्ये तोंड आनायचं कुठनं?"

सात दिवस काम चाललं. बन्सी मागे स्टुलावर बसून सांगायचा, "खांदा चुकला. उजवा जरा खाली. वझ्याची सवय हाय तिला." एकदा स्वतःच ब्रश घेतला. रेघ वाकडी गेली. तो ओशाळून हसला, पण अनुपमाने ती रेघ पुसली नाही. पाटी धरलेल्या मनगटावर तिने पाच ठिपके टेकवले. सोजरबाईंचे, की ओळीतल्या दुसऱ्या कोणाचे, कोणालाच ठाऊक नाही. सारजाबाईंचा फोटो घरात लागला, हार घालून. हौसराव त्यावरून पुन्हा काही बोलले नाहीत.

परवाची गोष्ट. सणसवाडीच्या कारखान्यातला एक माणूस मोटारसायकलवरून गावी निघाला होता. माझ्यापुढे थांबला, हेल्मेट काढलं. "आजोबा, ही कोण हो? माझ्या आईसारखीच चाललीय."

पूर्वी या प्रश्नाला हौसरावांचं उत्तर ठरलेलं होतं. ते काठीवर भार देऊन उठले. उठायला वेळ लागला.

"सोजरबाई," ते म्हणाले. "आमच्या रानात राबली. तान लागली की माझ्यापाशी यायची. मी वरनं पानी वतलं, आन् तिचं तोंड बघितलं न्हाई."

त्या माणसाने गाडी सुरू केली, मग पुन्हा बंद केली. दोघं माझ्याकडे बघत उभे राहिले.

मित्रांनो, भिंतीवर खिळे ठोकू नका, पोपडे निघाले तर वेळेवर गिलावा करा, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. माझ्यावरची बाई आता वळणार नाही. कोणी कितीही चांगला चित्रकार आला तरी नाही. पण तुमच्या पुढून रोज कितीतरी जणी कामाला जातात. त्यांच्या पाठी तुम्हाला ओळखीच्या असतील. एकदा दोन पावलं भरभर चाला, पुढे जा, आणि मागे वळून त्यांचं तोंड नीट बघून घ्या.