गल्लीत शिरलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझा रंग कागदोपत्री पांढरा आहे. तुम्ही राखाडी म्हणालात तरी मी भांडणार नाही.

माझी उमेदीची वर्षं चिमूरच्या एका लाकूड-ठेकेदाराकडे गेली. जंगलातल्या डेपोंवर मी त्याला नेत असे. मुरमाची धूळ खाल्ली, नाले ओलांडले, एकदा तर अस्वलाला वाट देऊन उभी राहिले. तेव्हा माझं फार कौतुक होई. मग त्याने जीप घेतली आणि मी गोठ्याशेजारी गेले. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. मला विकायला काढलं तेव्हा त्याने अंडी उचलली, काच पुसली, पण माझी एक खोड सांगायला विसरला. माझा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे. मागे जायचं तर त्याची मूठ आधी बाहेर ओढावी लागते, मगच तो गिअर पडतो.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सिंदेवाहीच्या सईदाबाईंनी मला घेतलं. त्या गावोगावच्या बाजारात बांगड्या विकत. एसटीच्या टपावर निम्मा माल फुटे आणि कंडक्टर पेट्या पाहून तोंड फिरवी. त्यांना स्वतःची गाडी हवी होती, आणि स्वस्त म्हणजे मीच होते. राईस मिलचे ट्रॅक्टर-ड्रायव्हर दसरूभाऊ यांनी मला पारखलं ते मिलच्या धान वाळवायच्या पटांगणावर. गोल गोल फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "इंजन चांगलं हाय, भाभी. घेऊन टाका."

सईदाबाई शिकल्याही तिथेच. क्लच सोडताना मी गचके देऊन बंद पडे.

"असा झटक्यात नका सोडू," दसरूभाऊ म्हणत. "भरलेलं सूप खाली ठेवता ना, तसा सोडा."

हळूहळू त्यांच्या पायाला समज आली. एक दिवस त्यांनी विचारलं, "आन् मागं कशी न्यायची?"

"खळ्यावर बैल कोनी मागं हाकते का? पटांगनावर मी गाडी मागं नेऊ देत नाई. गोल फिरा."

मळणीचे बैल हाकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. मोटारही त्यांनी तशीच शिकवली, एकाच दिशेने. मी मागे जाते की नाही, हे कुणी पाहिलंच नाही.

मग सईदाबाईंनी मला घरी आणलं आणि ऐटीत घराशेजारच्या गल्लीत घातलं. दोन्ही बाजूंना भिंती, नाकासमोर शेजाऱ्यांची न्हाणी, आणि जमीन आतल्या अंगाने उतरती. दुसऱ्या सकाळी मूल गावच्या बाजाराला निघायचं होतं. पेट्या भरल्या, इंजिन सुरू झालं, पण मागचा गिअर काही पडेना. दसरूभाऊंनीही गिअरचा दांडा वर-खाली करून पाहिला.

"गिअर मोडला, भाभी," ते म्हणाले.

मी आतल्या आत ओरडत होते, मूठ ओढा, मूठ ओढा! पण मोटारीला तोंड कुठे असतं? एक भोंगा, तोही दुसऱ्याने दाबायचा.

सईदाबाईंचे मालक जहीरभाई घड्याळं दुरुस्त करीत. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली.

"मागं नाई जात ते गाडी काय कामाची?" ते म्हणाले. "दसरू शुक्रवारी ट्रॅक्टरनं ओढीन आन् तशीच भंगारात टाकीन. तू बी आता बाजार सोड. घरी का काम कमी हाय?"

त्या दुपारी सईदाबाई माझ्यात येऊन बसल्या. दार जेमतेम उघडत होतं, अंग चोरून शिरल्या. "तुले मागं येता येत नाई," त्या म्हणाल्या, "आन् मले पुढं जाऊ देत नाई." मला फार वाईट वाटलं. उपाय माझ्यापाशी होता आणि त्यांचा हात त्यावरच होता.

शुक्रवारी ट्रॅक्टर आला. दसरूभाऊंनी साखळी बांधली. चाक सरळ धरायला आणि इंजिनाचा हातभार द्यायला सईदाबाई बसल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना रागही आला होता. क्लच दाबून त्यांनी गिअरची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि उपटून टाकावी तशी ओढली. मूठ बाहेर आली, दांडा वर गेला, आणि गिअर पडला.

त्यांनी डोळे पुसले. मग शांतपणे म्हणाल्या, "दसरूभाऊ, साखळी सोडा."

"काऊन?"

"सोडा म्हनलं ना."

दसरूभाऊंनी ट्रॅक्टर बाजूला घेतला. भरलेलं सूप ठेवावं तसा सईदाबाईंनी क्लच सोडला. माझी एक बाजू भिंतीला घासली, पण मी चढ चढून मागे मागे रस्त्यावर आले. जहीरभाई उडी मारून बाजूला झाले.

त्यानंतर वर्षानुवर्षं आम्ही बाजार केले. रोज संध्याकाळी त्या मला उलटं घेऊन गल्लीत लावत, तोंड रस्त्याकडे. बायका थांबून बघत.

पुढे जहीरभाईंनी वरचा मजला चढवला. सईदाबाई बहिणीकडे गेल्या होत्या, तेवढ्यात जिना गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. मी आत होते.

"दुसरी जागा कुठी होती?" ते म्हणाले. बांगड्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या.

माझी हेळसांड झाली, असं मी म्हणणार नाही. त्या अजून तेलपाणी बघतात. कधी दुपारी येऊन बसतात, मला सुरू करतात. मी पहिल्या झटक्यात सुरू होते. त्या क्लच दाबून पहिला गिअर टाकतात. समोर जिना आहे. मग किल्ली फिरवून मला बंद करतात.

मित्रांनो, आपल्या गाडीची निगा राखा. आणि घर वाढवाल, तेव्हा जिना कुणाच्या वाटेत येतो ते गाडी चालवणारीला आधी विचारा.