दोघांनी चालवून पाहिलं

दवाखान्यात बाबांच्या उशाशी औषधाचा पंप बारीक घरघरत होता आणि तिचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर खिळले होते. व्हर्जन अकरा. म्हणजे तिचंच, गेल्या आठवड्यात बाहेर पडलेलं.

पंपातलं सॉफ्टवेअर फुकट होतं, सगळ्यांना खुलं. कितीतरी दवाखाने ते वापरत आणि सांभाळायला माणसं दोनच: ती, आणि दूरच्या गावातले एक निवृत्त गणितशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. कोणताही बदल आपोआप तपासणारं साधन हवं, म्हणून ती दोन वर्षं अधूनमधून हातभार लावणाऱ्या इतरांच्या मागे लागली होती. "कल्पना छान आहे हं," म्हणून प्रत्येकाने वेळ मारून नेली. नवीन काही करायचं म्हटलं की उत्साही मंडळींची झुंबड उडते. तपासणीचं नाव काढलं की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. शेवटी दोघांनी आपला साधा नियम केला. बदल आपापल्या घरच्या जुन्या पंपावर चालवायचा आणि खाली 'चालवून पाहिलं' असं लिहायचं.

तिच्या घरचा पंप महिन्यापूर्वी बंद पडला होता. अकराव्या व्हर्जनमधला बदल जेमतेम चार ओळींचा. तिने तो डोळ्यांत तेल घालून वाचला आणि 'चालवून पाहिलं' लिहून मोकळी झाली. मास्तर आहेतच की!

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"छातीत धडधडतंय गं. पंपात ही नवी सिरिंज लावल्यापासून."

सिरिंज दहाला लावल्याची नोंद होती. आता बारा वाजले होते. पडद्यावर तासाला अर्धा मिली. तिने सिरिंजवरच्या रेघा मोजल्या, मग बोट लावून पुन्हा मोजल्या. एक मिली जायला हवं होतं. दोन गेलं होतं.

तिने तिथूनच फोन लावला.

"मास्तर, तुम्ही पंपावर चालवलं होतंत ना?"

"माझा पंप वर्षापूर्वीच गेला गं. तू लिहिलेलं असायचं, म्हणून मी आपलं..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. "सिस्टर! हा पंप थांबवा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसं..."

"यातलं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. ते चुकलंय. दुप्पट औषध जातंय!"

चारचौघांत हे बोलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टरने रेघा स्वतः मोजल्या, बटण दाबलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बाबांनी तिचा हात धरला. वाचले, एवढंच तिच्या मनात आलं.

पण घरघर थांबली नव्हती. ती पलीकडच्या खाटेपाशी चालू होती. त्याहीपलीकडे.

"सिस्टर, हे व्हर्जन अजून कुठे टाकलंय?"

"सगळीकडेच. इथे आज सकाळी टाकलं. वरच्या मजल्यावर लहान मुलांच्या वॉर्डात तर परवाच..."

सांगता सांगता सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला आणि इथले पंप बंद करायला दुसऱ्या सिस्टरला ओरडून सांगत दोघी जिन्याकडे धावत सुटल्या.