दादाच्या जामिनासाठी रंगवलेलं घर

मी आठ वर्षांचा असताना आमचं घर आयुष्यात एकदाच चकाचक झालं होतं. अजूनही कुठे ताज्या रंगाचा वास आला की मला दादा आठवतो.

दादा तेव्हा सोळाचा. तो धरून चार पोरं एका गोदामात शिरली, पहारेकऱ्याने अडवलं, कुणीतरी त्याच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला. पहारेकरी दवाखान्यात बेशुद्ध, दादा बालसुधारगृहात. दांडा कुणी मारला हे चौघांपैकी एकही सांगेना.

आमचे वकीलकाका म्हणाले, "गुन्हा गंभीर आहे. पण पोराच्या जामिनाला कोर्ट नुसता गुन्हा बघत नाही. सोडलं तर वाईट संगतीत जाईल का, त्याच्या जिवाला धोका आहे का, हे बघतं. म्हणजे कुठल्या घरी परत जातोय ते बघतं. सोमवारी चौकशी अधिकारी बाई घर बघायला येतील."

घर बघणार म्हटल्यावर बाबा बाकी सगळं विसरले आणि रंगाचे डबे घेऊन आले.

शेजारच्या काकूंकडून सोफा आला. त्यांच्या सुनेकडून माशांची टाकी आली, माशांसकट. बारा जाडजूड ग्रंथ आले. ते गुरांच्या रोगांवरचे होते, पण पाठीवर सोनेरी अक्षरं होती. मामाला मावशीकडे धाडलं, कारण आईच्या मते तो नुसता बसला तरी वाईट संगतीसारखा दिसायचा.

"अगं, मी तुझा सख्खा भाऊ!"

"म्हणून तर प्रेमाने सांगतेय. नीघ."

उरला दादाचा कोपरा. खिडकीखालची फाटकी गादी, सायकलच्या सुट्या भागांचा डबा, उघडून ठेवलेले दोन रेडिओ, आणि ज्यांच्या वासाने पालीसुद्धा घर सोडून गेल्या होत्या ते बूट. सगळं काकूंच्या माळ्यावर गेलं. त्या जागी टाकी बसवली.

बाई आल्या. भिंती बघितल्या, ग्रंथ बघितले. मग विचारलं, "मुलगा झोपतो कुठे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी आईने टाकीकडे बोट दाखवलं.

बाईंनी ते लिहून घेतलं.

कोर्टात न्यायाधीशसाहेबांनी अहवाल वाचून दाखवला. "घर उत्तम. मात्र मुलगा इथे राहत होता याची एकही खूण नाही. घरच्यांना तो परत हवा आहे असं वाटत नाही."

पलीकडच्या बाकावर दादा होता. त्याने मान खाली घातली.

वकीलकाका कागद चाळू लागले. तेवढ्यात बाबा उठले. "साहेब, चूक माझी. त्याचा पसारा मीच लपवला. लाज वाटली."

"कसला पसारा?"

बाबा शर्टाचं बटण चाचपू लागले. मग मीच मागून ओरडलो. गादी, डबा, रेडिओ, बूट, सगळं काकूंच्या माळ्यावर आहे, असं सांगितलं. "आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि माझी उशी पळवतो!"

"तू कोण रे?"

"उशीचा मालक."

साहेब हसले नाहीत. बाईंना म्हणाले, "आत्ताच्या आत्ता त्या माळ्यावर जाऊन बघून या. ही मंडळी इथेच थांबतील."

दोन तासांनी बाई नाकाला रुमाल लावून परत आल्या. "साहेब, बूट आहेत," एवढंच म्हणाल्या.

जामीन झाला. बाकी तिघांना भेटायचं नाही, शाळा बुडवायची नाही, दर सोमवारी बाबांनी हजेरीला आणायचं. "ही सुटका नव्हे," साहेबांनी बजावलं. "खटला चालणार आहे." बाबांनी इतक्या वेळा मान हलवली की शिपायाने त्यांना पाणी आणून दिलं.

दुपारी दादा घरी आला आणि दारातच घुटमळला. आई म्हणाली, "हात धू आधी."

दादा नळाशी गेला. खूप वेळ हात धूत राहिला. नळ बंद कर, असं एरवी थेंबाथेंबावरून ओरडणारे बाबासुद्धा म्हणाले नाहीत. आम्ही तिघं मागे उभे राहून पाण्याचा आवाज ऐकत होतो.