हजेरीपटातलं नाव

बाईंना साफसफाईचा भारी सोस. दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरातलं एकही कपाट त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरची पाळी आली. कचरा काढणारं एक सॉफ्टवेअर चालवून त्यांनी नको वाटलं ते सगळं झाडून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की त्याची एकच तक्रार, अमुक फाइल सापडत नाही. बाई "ओके" दाबून त्याचं तोंड बंद करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

शेवटी त्यांनी सुनेला हाक मारली.

"आई, तुम्ही प्रोग्रॅम काढलात, पण सुरू होताना कोणाकोणाला उठवायचं त्या यादीत त्याचं नाव तसंच राहिलंय," सून म्हणाली. "म्हणून हा रोज त्याला शोधत बसतो."

"म्हणजे पोरगं शाळा सोडून गेलं आणि हजेरीपटात नाव तसंच," बाई म्हणाल्या. "एवढंच होय? सरक बघू."

सुनेने यादी उघडून दिली आणि बाईंनी स्वतःच्या हाताने ते नाव बंद केलं. या वेळी कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. बाईंची कळी खुलली.

मग त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी मोबाइल काढला आणि शाळेसाठी लावलेला, अजूनही रोज पाचला कोकलणारा गजर बंद केला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले तरी बाई उठल्या नाहीत, तेव्हा सून घाबरून दारावर थापा मारू लागली.

"आई?"

पांघरुणातून खणखणीत आवाज आला, "गैरहजर."