कोऱ्या पानावरचा शेवट

मी एका इंग्रजी कादंबरीचा जुना तिसरा खंड आहे, आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गरीब असतात. छत्री असो, सायकल असो, ती दोन अश्रू गाळते आणि सगळ्यांना माफ करून मोकळी होते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला जे सांगायचं आहे ते मी रागानेच सांगणार आहे.

माझा जन्म दिल्लीजवळच्या एका छापखान्यात झाला. माझ्या आधीचे दोन खंड तोवर लोकांनी वाचून संपवले होते. गोष्ट अशी की, एका तळ्याच्या तळाशी शापाने बुडालेलं शहर आहे. त्या शहरात एक घंटा आहे. ती वाजली की शहर वर येईल, पण जो वाजवेल तो कायमचा पाण्याखाली राहील. इरेन नावाची नावाड्याची मुलगी आहे आणि तिला बाबाशिवाय कुणी नाही. ती घंटा वाजवते का, आणि मग काय होतं, ते माझ्या शेवटच्या चोवीस पानांत आहे. दोन जाडजूड खंडांचा सगळा भार माझ्या त्या चोवीस पानांवर. मला त्याचा अभिमान होता.

मला विकत घेणाऱ्या पहिल्या मुलाने चाळीस पानं वाचली आणि मोहालीजवळच्या सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर बाकावर मला विसरून तो शिमल्याच्या बसमध्ये चढला. चिप्सचं रिकामं पाकीट मात्र त्याने आठवणीने कचरापेटीत टाकलं. हा माझा पहिला राग. तो आता निवला आहे, कारण त्याच बाकावर मंजिरी येऊन बसली.

मंजिरी मूळची सांगलीची. मोहालीच्या नॉलेज सिटीतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात ती काम करते. तिचा नवरा विश्वनाथ डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. आणि त्यांची मुलगी अक्षरा, वय वर्षं अकरा. माझं मुखपृष्ठ बघताच मंजिरीने मला छातीशी धरलं. पहिले दोन खंड तिने लेकीला वाचून दाखवले होते आणि तिसरा कुठे मिळत नव्हता. तरी तिने चौकशीच्या खिडकीवर दोनदा विचारलं, शेजारच्या प्रवाशांना विचारलं. मी कुणाचाच नाही असं ठरल्यावर तिने मला पिशवीत घातलं.

त्या घरातले पुढचे पाच महिने हे माझं खरं आयुष्य. रोज संध्याकाळी चहा झाला की मंजिरी माझी तीन-चार पानं वाचायची. मी इंग्रजी आहे, पण तिच्या तोंडून मी मराठी होऊन बाहेर पडायचो, तेही सांगलीचं मराठी. माझी राणी प्रधानाला म्हणायची, "काय लावलंय रं हे?" मला ते फार आवडायचं. अक्षराला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती हिंदीत. "मम्मा, रुको, ये प्रधान झूठ बोल रहा है," असं ती मध्येच म्हणायची.

तेव्हा मंजिरीने एक नियम काढला. पुढे काय होणार ते अक्षराने ओळखायचं आणि माझ्या समासात पेन्सिलीने लिहायचं, पण मराठीतच. चुकलं तर चुकलं, खोडायचं नाही. आणि पुढचं पान कुणी उलटायचं नाही. शेवटचं प्रकरण तर मंजिरीने स्वतःही न बघता कपडे वाळत घालायच्या निळ्या चिमट्याने बंद करून टाकलं. समासात ओळी साठत गेल्या. 'प्रधान चोर आहे.' 'नाव बुडणार नाही पण वल्हं तुटेल.' ज्या मुलीने तोंडाने कधी एक मराठी वाक्य पुरं केलं नव्हतं, तिने माझ्या अंगावर पंचवीस प्रकरणांचे अंदाज मराठीत लिहिले. निम्मे साफ चुकले. त्या चुकांवर मायलेकी एवढ्या हसायच्या की विश्वनाथ झोपेतून उठून यायचा.

सगळ्यात मोठा अंदाज तिने माझ्या अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिला. चिमटा न काढता मागचा पुठ्ठा उघडला की ते पान मिळतं. तिथे तिने लिहिलं: 'माझा शेवट. इरेन एकटी घंटा वाजवणार नाही. बाबा पण उडी मारणार. दोघं दोरी ओढणार म्हणून शाप अर्धा अर्धा. सहा महिने ती पाण्यात, सहा महिने बाबा. बदलीच्या दिवशी दोघं नावेत बसून चहा पिणार.'

मित्रांनो, माझ्या लेखकाला हे सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं? त्याच्या घरी कुणाला पाळ्या नव्हत्या.

याच सुमारास माझ्यावरची मालिका सुरू झाली. दर शनिवारी संध्याकाळी एक भाग, असे आठ. माझ्या नव्या भावंडांच्या मुखपृष्ठांवर तळ्याच्या जागी नटनट्यांचे चेहरे आले. मोहालीत नोकरी करणारी सहा-सात मराठी मुलं शनिवारी मंजिरीकडे जमू लागली, भाकरीसाठी आणि मालिकेसाठी. त्यांच्यातल्या कश्मिराने पैज काढली. मालिकेचा शेवट काय होणार ते प्रत्येकाने ग्रुपवर लिहून ठेवायचं. अट एकच, कादंबरी वाचलेली नसावी. जिंकणाऱ्याला बाकीच्यांनी महिनाभर 'गुरुजी' म्हणायचं.

आता माझ्या रागाचं कारण सांगतो. त्याचं नाव सिद्धांत. हा मंजिरीचा धाकटा भाऊ, अक्षराचा मामा, संगणकावर काम करणारा हुशार माणूस. सहाव्या शनिवारी तो लवकर आला. मंजिरी भाकऱ्या थापत होती, अक्षरा खाली पार्कात होती. त्याने फ्रिजवरून मला उचललं, चिमटा काढला आणि माझी शेवटची दोन पानं वाचली. फक्त दोन! पंचवीस प्रकरणं एक मुलगी ज्याची वाट बघत होती ते याने तव्यावरची भाकरी फुगायच्या आत उरकलं. तेवढ्यावर थांबला असता तर मी गप्प बसलो असतो. लबाडी काय, माणसं करतातच. पण त्याने पान उलटलं आणि त्याला 'माझा शेवट' दिसला. तो वाचून तो हसला. खिशातून बॉलपेन काढलं. तिच्या सगळ्या ओळींवर एक मोठी फुली मारली आणि खाली लिहिलं: 'चूक! इरेन खालीच राहते. बाप रोज काठावर सात वातींचा कंदील लावतो. – मामा.' पुढे हसरा चेहराही काढला.

त्याला वाटलं, गंमत केली. मला ओरडता आलं असतं तर मी सेक्टर त्रेचाळीसपर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो.

अक्षराने ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. ती रडली नाही. तिने खोडरबर आणलं आणि आधी ते पान खोडलं. मग पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. दोन दुपारी ती माझे समास खोडत होती. प्रधान चोर आहे, गेलं. वल्हं तुटेल, गेलं. पेन्सिलीचं सगळं गेलं. पेनची फुली तेवढी राहिली, आणि तो हसरा चेहरा. मग तिने चिमटा होता तसा लावला आणि आईला म्हणाली, "मम्मा, अब मुझे नहीं सुनना. टीव्ही पे देख लेंगे."

मंजिरीला वाटलं, पोरगी कंटाळली. तिने पुन्हा विचारलं नाही. मला परत फ्रिजवर ठेवताना तिचा हात जरा वेळ माझ्यावर राहिला. तिच्यावरही मी चिडलो. अगं, एकदा मागचा पुठ्ठा उघडून बघ की!

आठव्या शनिवारी सगळे जमले. शेवटचा भाग लागला. इरेन पाण्यात उतरली, बुडालेल्या शहरात पोचली, तिने घंटेच्या दोरीला हात घातला आणि पडदा काळा झाला. शेवट पुढच्या वर्षी. खोलीत एकच आरडाओरडा झाला. म्हणजे मला कापून, शिवून, रंगवून आठ आठवडे चालवलं आणि माझी चोवीस पानं तशीच ठेवली. मला राग यायला हवा होता, पण माझं लक्ष अक्षराकडे होतं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती.

कश्मिरा फोनवर सगळ्यांचे अंदाज मोठ्याने वाचू लागली. सिद्धांतचा आला तशी ती थांबली.

"एक मिनिट हं. 'वडील काठावर सात वातींचा कंदील लावणार.' सिद्धांत, हा कंदील कुठून आला रे? आठ भागांत कुठंच कंदील नाही."

"अगं, अंदाज आहे तो! नावाडी म्हटलं की कंदील आलाच. पक्कं सांगतो, पुस्तकाला हातसुद्धा लावला नाही मी."

अक्षरा उठली. तिने मला फ्रिजवरून काढलं, मागचा पुठ्ठा उघडला आणि मला सिद्धांतच्या मांडीवर ठेवलं. मग ती म्हणाली, "मामा, माझा शेवट तू का खोडला? मला चुकायचं होतं. माझं मला चुकायचं होतं."

 मग कुणीतरी म्हणालं, "अरे, अक्षरा मराठी बोलली!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धांतनेही वाजवल्या. "ताई, ऐकलंस का? चक्क दोन-तीन वाक्यं!"

मित्रांनो, माझ्या रागाचं टोक हे आहे. जन्मात पहिल्यांदा ती पोर आपल्या आईच्या भाषेत बोलली, आणि ती काय बोलली ते एकानेही ऐकलं नाही. अक्षरा आत निघून गेली.

टाळी न वाजवणारी एकटी मंजिरी होती. तिने मला भावाच्या मांडीवरून उचललं, ते पान पाहिलं, मग भराभर सगळे समास पाहिले. "सगळं पुसलंय रे तिनं," एवढंच ती म्हणाली. ताटं वाढलेली होती, तरी त्या दिवशी लोक लवकर गेले.

सिद्धांत रविवारी ब्लेड घेऊन आला. वाईट वाटलं होतं त्याला, मी ते नाकारत नाही. पेनची शाई खरवडून काढतो म्हणाला. हसरा चेहरा खरवडता खरवडता माझा कागद फाटला. आता तिथे रुपयाएवढं भोक आहे. फुली तशीच आहे.

मग मंजिरीने ते पान खिडकीत तिरकं धरलं आणि अक्षराला हाक मारली. ती पोर पेन्सिल फार दाबून लिहिते. शिसं गेलं होतं, पण माझ्या कागदात खाचा होत्या. तिरक्या उन्हात एकेक अक्षर दिसत होतं. 'बदलीच्या दिवशी दोघं नावेत बसून चहा पिणार.' मी ते जपलं होतं. एवढं मात्र मी केलं. अक्षराने त्या ओळीवरून बोट फिरवलं. लिहिलं काहीच नाही. पण पेन्सिलीला टोक करून तिने ती माझ्यात खुणेला ठेवली.

आज ती पेन्सिल आणि निळा चिमटा दोन्ही माझ्या अंगावर आहेत. माझी चोवीस पानं अजून बंद आहेत. खरं सांगू? त्यांच्यातला शेवट तिच्या शेवटाहून चांगला नाही.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे, आणि ते मी विनंती म्हणून सांगत नाही. पुस्तकाची पानं दुमडू नका, त्यावर चहा सांडू नका, हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं असतं. त्याचं मला काही वाटत नाही. माझ्यावर चहा सांडा. पण एखादं मूल पुढे काय होणार ते लिहीत असेल आणि तुम्हाला शेवट ठाऊक असेल, तर खिशातलं पेन खिशातच राहू द्या.