चोपड्याची लाइन

एकोणीसशे नव्याण्णव साल. जळगावच्या केळी संघानं लिलावाचा भाव कॉम्प्युटरवरून गावोगावच्या केंद्रांत दाखवायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात घात झाला. चोपड्याची फोनलाइन मुकी पडली, पडद्यावर सकाळचा चढा भाव तसाच राहिला. त्या भरवशावर उखर्डूनानांनी अर्धा मळा कापला. भाव केव्हाच उतरला होता, आणि कापलेला घड काही पुन्हा झाडाला लागत नाही.

प्रोग्राम लिहिणारा लीलाधर नानांचाच पुतण्या. "सोमवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर आपला जुना टेलिफोनच बरा," संघाचे अध्यक्ष त्याला म्हणाले.

सोबतचा रतिलाल म्हणे, "सरळ काम कर ना भाऊ! केंद्रातल्या पडद्यावरच्या पानानं घडीघडी जळगावच्या सर्व्हरला विचारायचं, नवा भाव आहे का? उत्तर आलं, विषय संपला."

"सगळी केंद्रं एकदम विचारू लागली तर? पंगतीतल्या सगळ्यांनी आचाऱ्याला 'झालं का, झालं का' करावं, तसं होईल."

"मग ठेव तुझी आतासारखी सदा उघडी लाइन, सर्व्हर बोलेल तेव्हाच ऐकणारी! ती मेली तरी कळतं का कोणाला?"



रविवारी लीलाधर नानांच्या गावी गेला. काकू कमलबाई दारातच म्हणाल्या, "या कॉम्प्युटरवाले! तुना काका मंदिरमा शे. सप्ता चालू शे ना."

टळटळीत दुपार. कीर्तनाला अजून खूप अवकाश. मंडपात एकटे नाना गळ्यात वीणा अडकवून उभे होते. ओठांत नाम, आणि थांबून थांबून तारेवर बोट. ओसरीवर बाया गप्पा हाणत तांदूळ निवडत होत्या. नानांना खोकल्याची उबळ आली, तार थांबली. त्याच क्षणी सगळ्या बायांच्या माना वर! पुढच्या पाळीचा लोटन धावत आला, नानांच्या पाया पडला, वीणा त्यानं आपल्या गळ्यात घेतली. तार पुन्हा बोलली, बाया पुन्हा तांदळाला लागल्या.

लीलाधर मंडपाच्या दाराशीच थांबला. लहानपणापासून तो कीर्तनाला पुढे बसून रडला होता, हसला होता. पण सात दिवस न थांबणारी ही तार त्यानं आज पहिल्यांदा ऐकली. देवा, केवढी ही तुझी व्यवस्था!

त्यानं ठरवलं. लाइन उघडीच ठेवायची. भाव बदलो न बदलो, सर्व्हरनं थोड्या थोड्या वेळानं नुसतं 'आहे' म्हणायचं. 'आहे' आलं नाही, की पानानं भाव पुसून टाकायचा आणि आपणहून पुन्हा लाइन जोडायची.

"तुना डबा आते तरी खरं बोली का रे?" बाहेर येत नानांनी विचारलं.

"उद्या तुम्हीच बघा, नाना."

सोमवारी चोपड्याच्या केंद्रात नाना कोयता मांडीवर घेऊन बसले. भाव चांगला चढला होता. ते उठणार, एवढ्यात पडद्यावरचा भाव पुसला गेला. 'जळगावशी संपर्क नाही.' नाना आणि बरोबरचे मजूर जागीच थांबले. मॉडेम चिरकला, पुन्हा चिरकला, आणि नवा भाव उमटला. बराच खाली.

"घर जा रे बठ्ठा," नाना सगळ्या मजुरांना म्हणाले, "आज कापनी नई."

लीलाधर पडद्याकडे बघत राहिला. पायातल्या चपला त्यानं कधी काढून ठेवल्या, त्याचं त्यालाच कळलं नाही.