पडद्यासमोर कोण आहे?

सकाळपासून सातव्यांदा तपासणी नापास झाली, तेव्हा वहिनीने चहाचा कप त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. म्हणाली, "भाऊजी, एकदा रागावून बघा त्याला. तुमच्या दादाला लागू पडतं."

तो हसला नाही, पण चहा प्यायला.

तो प्रोग्राम लिहायचा. आवाजाच्या रेकॉर्डिंगमधली घरघर काढून टाकणारं एक प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या मोठ्या प्रोग्रामला जोडायचा छोटा तुकडा, त्याने आणि बायकोने मिळून केलं होतं. लिहिणं त्याचं, कान तिचे. घरघर किती काढायची आणि कुठे हात आवरायचा, हे तिने वर्षभर ऐकून ऐकून ठरवलं होतं. ती जाऊन अडीच महिने झाले होते. आता एक कंपनी ते प्लगिन घ्यायला तयार होती, पण ते तपासणीत पास झाल्याचा अहवाल आज पाचच्या आत हवा होता. नाहीतर कंपनीची खरेदीची यादी बंद होणार आणि तिचं वर्षभराचं काम तिच्या कॉम्प्युटरमध्येच पडून राहणार.

कॉम्प्युटर घरी होता, तिच्या खोलीत. तो मात्र ती गेल्यापासून चार गल्ल्या पलीकडे दादाकडे राहत होता. इथून लॉगिन करायचा, हुकूम टाइप करायचा, उत्तर वाचायचा. काम अडत नाही, मग घरी कशाला जायचं, असं त्याने दादाला दोनदा सांगितलं होतं. दादाने तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आज उत्तर एकच येत होतं: असं प्लगिन सापडलं नाही. फाइल तर जागच्या जागी दिसत होती. त्याने नाव तपासलं, परवानग्या तपासल्या, फाइल काढून परत ठेवली, अख्खं प्लगिन नव्याने तयार केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काही नाही.

पावणेतीनला कंपनीच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. सगळे त्याला कानसेन म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. तो दोघांनाही ओळखायचा; तिला ताई म्हणायचा. त्याने शेवटचं पास कधी झालं होतं ते विचारलं, मग काय बदललं ते विचारलं. काहीच नाही, एक अक्षरसुद्धा नाही, असं याने सांगितलं. मागच्या आठवड्यात घरची वीज तासभर गेली होती, पण कॉम्प्युटर आपला आपण परत चालू झाला होता.

कानसेनने विचारलं, "पडद्यासमोर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग पासवर्ड मागत बसला असेल तो. साहेब, तुम्ही दुरून शिरता ते मागच्या दाराने. प्लगिनची नोंद ठेवणारा प्रोग्राम बसतो पुढच्या दाराशी. पडद्यावर कोणी लॉगिन केल्याशिवाय तो कामावर येतच नाही."

"तीन वर्षं मी असंच करतोय. हॉलमधून. एकदाही अडलं नाही."

"तेव्हा ताई आत असायच्या ना," कानसेन म्हणाला.

खरं होतं. दोघांचं खातं एकच. सकाळी नऊला ती कॉम्प्युटर उघडायची आणि कधीही बंद करायची नाही. त्यावरून दोघांचे वादही व्हायचे. तो हॉलमध्ये सोफ्यावर पाय पसरून तपासण्या चालवायचा, पास झाल्या की आपली पद्धत पक्की आहे असं समजायचा. ती गेल्यावरही तिचा पडदा तसाच उघडा राहिला होता. वीज गेली तेव्हा तो मिटला.

दादा म्हणाला, मी जाऊन पासवर्ड टाकून येतो, तू फोनवर सांग.

"तुझ्या दोन बोटांनी पाच वाजतील," तो म्हणाला आणि त्याने चपला घातल्या.

खोलीत बंद खोलीचा वास होता. कीबोर्डवर धूळ होती. तिची खुर्ची खाली केलेली होती, त्यामुळे त्याचे गुडघे टेबलाला लागले. पासवर्ड पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा त्याने एकेक अक्षर बघून टाकला आणि पडदा उघडला. तपासणी तिथूनच चालवली. ओळी भराभर वर सरकत गेल्या. तीन वाजून पन्नास मिनिटांनी पास. त्याने अहवाल पाठवला. कानसेनने उलट लिहिलं, मिळाला, यादीत नाव चढवलं.

मग त्याने सेटिंग उघडलं. तिथे एक पर्याय होता: कॉम्प्युटर चालू होताच पासवर्ड न विचारता आपोआप लॉगिन. तेवढं केलं की वीज कितीदाही जावो, कोणाला इथे यायची गरज नव्हती. तो त्या ओळीकडे बघत बसला.

दादाचा फोन आला. जमलं का? जमलं. त्याने सगळा प्रकार सांगितला.

"म्हणजे वीज गेली की परत कोणीतरी जायचं? ते आपोआप होत नाही का?"

"होतं."

"मग?"

"नको." त्याने सेटिंग बंद केलं. "सकाळी नऊला येत जाईन मी. उघडून देईन."

दादा म्हणाला, बरं, पण जेवायला इकडेच यायचं, तुझी वहिनी ऐकायची नाही.